टी कोरोनी बोरिॲलिसवर पाळत ठेवायची तर

उत्तर मुकुट नावाच्या छोट्याशा तारकासमूहात एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि हातातल्या बायनॉक्युलरलाही सहसा दाद देत नाही. तरीही जगभरातले हौशी निरीक्षक झोपण्यापूर्वी त्याच्या जागेकडे एकदा बघून घेतात. कारण १८६६ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये हा तारा काही तासांत हजारपटीहून जास्त उजळला आणि जवळपास ध्रुवताऱ्याच्या पंगतीला जाऊन बसला. आठवड्याभरात पुन्हा दिसेनासाही झाला.

दोन स्फोटांमध्ये ऐंशी वर्षं गेली. आता पुन्हा ऐंशी वर्षं होत आली आहेत, म्हणून सगळे डोळे लावून बसले. १९४६ च्या स्फोटाआधी ताऱ्याच्या प्रकाशात जे चढउतार झाले होते तसेच २०१५ पासून दिसू लागले. त्यावरून अमेरिकेतले ब्रॅडली शेफर यांनी २०२४ च्या मध्याचा अंदाज दिला. २०२४ कोरडं गेलं. मग कुणी कक्षेच्या फेऱ्या मोजून २७ मार्च २०२५ ही तारीख काढली, तीही तशीच निघून गेली. तारखांच्या मागे लागू नका, एवढा धडा त्यातून घ्यायचा. स्फोट व्हायचा तेव्हा होईल. आपण त्याआधी एकच काम नीट करायचं आहे: मुकुटाचा नेहमीचा चेहरा इतका पाठ करायचा की त्यात एक तारा जास्तीचा दिसला तर क्षणात खटकला पाहिजे.

ज्यांना सप्तर्षी आणि मृग यांपलीकडे फारसं काही ओळखता येत नाही, त्यांनाही हे जमेल. दुर्बीण नसली तरी निम्म्याहून जास्त काम होतं. टी कोरोनी बोरिॲलिस हे नाव तोंडात बसायला वेळ लागतो, म्हणून पुढे त्याला नुसतं ‘टी’ म्हणू.

आधी ताऱ्याची ओळख

टी हा एक तारा नाही, जोडी आहे. त्यातला एक तांबडा राक्षसी तारा. गाभ्यातला हायड्रोजन वापरून संपला की तारा फुगतो, त्याचा पृष्ठभाग थंड पडून तांबूस होतो. हा त्या अवस्थेतला, सूर्याच्या साठ-सत्तरपट रुंद. त्याचा जोडीदार श्वेत बटू, म्हणजे हे सगळं आयुष्य भोगून झालेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकाराने पृथ्वीहूनही लहान, पण वस्तुमान सूर्याहून जास्त, चंद्रशेखर मर्यादेच्या अगदी कडेला. ही मर्यादा म्हणजे श्वेत बटू जास्तीत जास्त किती जड असू शकतो ते वस्तुमान, सूर्याच्या सुमारे १.४ पट. दोघांमधलं अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या जवळपास, आणि २२७.६ दिवसांत ते एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. आपल्यापासून ही जोडी सुमारे ३,००० प्रकाशवर्षं दूर आहे.

राक्षसी तारा इतका फुगलेला आहे की त्याचा बाहेरचा थर पुरता त्याच्या ताब्यात राहत नाही. श्वेत बटूच्या बाजूने तो ओघळतो, बटूभोवती चकतीसारखा फिरत राहतो आणि हळूहळू त्याच्या पृष्ठभागावर साचतो. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की निवतो. बटूच्या पृष्ठभागावर मात्र वायू इतका दाबला गेलेला असतो की तापूनही तो फुगत नाही. त्यामुळे उष्णता वाढत जाते, हायड्रोजनचं संमीलन (अणुगर्भ एकमेकांत मिसळणं) सुरू होतं, त्याने उष्णता आणखी वाढते, आणि मग आवरायला काहीच उरत नाही. मंद आचेवरचं दूध बराच वेळ काहीच करत नाही आणि मग बघता बघता उतू जातं, तसा हा प्रकार. पातेलं जागच्या जागी राहतं हेही खरं: बटूला फारशी इजा होत नाही, साचलेला थर तेवढा उडून जातो, आणि राक्षसी तारा पुन्हा ओतायला लागतो.

बटू जितका जड तितका कमी थर पुरतो. म्हणून टीला ऐंशी वर्षं पुरतात. इतर बहुतेक नवताऱ्यांना, म्हणजे असे अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांना, हजारो वर्षं लागतात. माणसाने एकाहून जास्त वेळा फुटताना पाहिलेले असे आवर्ती नवतारे आपल्या आकाशगंगेत दहाएकच माहीत आहेत. टीचा एक भाऊबंद म्हणजे भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी. तोही राक्षसी तारा आणि श्वेत बटू यांची जोडी, पण फार घाईचा: १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या वर्षी त्याचे स्फोट नोंदले गेले. २००६ च्या स्फोटानंतर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने त्याच्या रेडिओ लहरी १ गिगाहर्ट्झच्याही खालच्या कंप्रतांना पकडल्या होत्या. राक्षसी ताऱ्याभोवती त्याच्याच वाऱ्याचा विरळ वायू पसरलेला असतो. स्फोटातला पदार्थ त्यावर जाऊन आदळतो आणि तिथून या लहरी निघतात. राक्षसी ताऱ्याऐवजी साध्या ताऱ्याजवळ बटू असता तर हा आदळण्याचा भाग घडलाच नसता. टी उजळला की खोडदच्या तबकड्यांना पुन्हा काम लागेल.

पहिली पायरी: कोणत्या महिन्यात, किती वाजता

आपल्या अक्षांशावरून मुकुट जवळजवळ डोक्यावरून जातो. खस्वस्तिकाच्या, म्हणजे ऐन डोक्यावरच्या बिंदूच्या, किंचित उत्तरेकडून. युरोपातल्या निरीक्षकाला हे भाग्य नाही. पुणे-मुंबई-नाशिक पट्ट्यासाठी ढोबळ वेळा अशा आहेत.

एप्रिलच्या मध्यात रात्री नऊला तो नुकताच ईशान्य-पूर्वेला उगवलेला असतो, तेव्हा अकरापर्यंत थांबा. मेच्या मध्यात नऊ वाजताच तो पस्तीस-चाळीस अंश वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास माथ्यावर. जूनच्या मध्यात रात्री अकरालाच माथ्यावर. सप्टेंबरअखेर संध्याकाळी आठला तो पश्चिम-वायव्येला उतरलेला असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात त्याच वेळी जेमतेम वीस अंशांवर. नोव्हेंबरमध्ये काही आठवडे तो सूर्याच्या बाजूला असतो, पण सूर्यापासून बराच उत्तरेला असल्यामुळे पुरता हरवत नाही. डिसेंबरच्या मध्यात पहाटे पावणेसहाला पूर्वेकडे पुन्हा सापडतो, आणि जानेवारीत त्याच वेळेला चांगला चाळीस अंश वर असतो.

आपली खरी अडचण सूर्य नाही, पाऊस. मुकुट ऐन माथ्यावर असण्याचे जून ते सप्टेंबर हे महिने महाराष्ट्रात ढगात जातात. आरएस ऑफियुकीचा शेवटचा स्फोट ८ ऑगस्ट २०२१ चा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला. कोकणातल्या माणसाने तेव्हा काय बघायचं? टी नुसत्या डोळ्यांना आठवडाभरच दिसणार असल्यामुळे पावसाळ्यात फुटला तर इथून तो पूर्ण हुकूही शकतो. त्यावर उपाय एकच, ढगात फट दिसली की दोन मिनिटं बाहेर डोकावणं. मस्कतला, दुबईला किंवा न्यू जर्सीला कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही मुकुट ओळखायला शिकवून ठेवा. त्यांचं आकाश तेव्हा बऱ्याचदा मोकळं असतं आणि अमेरिकेतल्या माणसाची रात्र आपल्या दिवसा चालू असते.

दुसरी पायरी: मुकुट शोधणं

सप्तर्षीच्या शेपटीतले तीन तारे घ्या: अंगिरस, वसिष्ठ, मरीची. त्यांची कमान तशीच पुढे वाढवत नेली की एक झळझळीत नारिंगी तारा लागतो, ती स्वाती. (स्वातीही राक्षसी ताराच आहे, ३७ प्रकाशवर्षांवरचा. पण एकटा, त्यामुळे तिथे असलं काही घडत नाही.)

आता हात पूर्ण लांब करा आणि वीत पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आकाशात साधारण वीस अंश होतात. मेच्या संध्याकाळी स्वातीच्या खाली, थोडं डावीकडे, वीतभर अंतरावर दुसऱ्या प्रतीचा (प्रत हे तेजाचं माप, त्याबद्दल पुढे) एक पांढरा तारा दिसेल. तो अल्फेक्का, मुकुटातला सर्वांत तेजस्वी. रात्र चढली आणि ईशान्येला अभिजित वर आला की ताळा करता येतो: स्वातीपासून अभिजितपर्यंत मनात रेषा ओढली तर तिच्या पहिल्या तृतीयांशावर मुकुट येतो.

मुकुट म्हणजे सात ताऱ्यांचं अर्धवर्तुळ. एका टोकाकडून क्रमाने थीटा, बीटा, अल्फा म्हणजेच अल्फेक्का, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि आयोटा. मे-जूनच्या संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात तर अर्धवर्तुळाची उघडी बाजू डावीकडे असते आणि अल्फेक्का वरच्या अंगाला. तिथून कमानीवरून खाली या: गॅमा, डेल्टा, मग एप्सिलॉन. म्हणजे अल्फेक्कानंतरचा तिसरा. इथे थांबा.

पुन्हा हात लांब करा, या वेळी करंगळी धरा. तिची जाडी एक अंश. एप्सिलॉनच्या उजवीकडे, किंचित खाली, एका करंगळीवर टीची जागा आहे. तिथे काही दिसणार नाही, आणि दिसता कामाही नये. ही रिकामी जागा लक्षात ठेवायची आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुकुट पश्चिमेला गेला की चित्र उलटं होतं: उघडी बाजू उजवीकडे, आणि टीची जागा एप्सिलॉनच्या डावीकडे, किंचित वर. नवशिक्यांचा गोंधळ हमखास इथे होतो. म्हणून डावं-उजवं पाठ करण्यापेक्षा ‘एप्सिलॉनपासून मुकुटाच्या बाहेरच्या बाजूला, उघड्या तोंडाच्या विरुद्ध दिशेला’ असं लक्षात ठेवा. ते कधीच बदलत नाही.

मोबाइलवरचं एखादं आकाशदर्शन ॲप पहिल्या रात्री जरूर वापरा, दुसऱ्या रात्री खिशात ठेवा. पडद्याकडे पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे होतात, आणि सरावायला वीस मिनिटं तरी जातात.

तिसरी पायरी: आपल्या आकाशाचं माप

ताऱ्याचं तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात, आणि अंक जितका लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. शांत असताना टी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो आणि स्फोटात दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो.

तुमच्या गच्चीवरून कितव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात हे मुकुटच सांगतो. अल्फेक्का २.२, बीटा ३.७, गॅमा ३.८, थीटा आणि एप्सिलॉन साधारण ४.१, डेल्टा ४.६, आयोटा ५.०. नुसती अल्फेक्का दिसली तर तुमची हद्द तिसऱ्या प्रतीजवळ, आणि ठाणे-पिंपरीसारख्या ठिकाणी बहुतेकदा एवढंच मिळतं. एप्सिलॉनपर्यंतचे दिसले तर बरं आकाश. सातही दिसले तर तुम्ही नशीबवान आहात, बहुधा गावाकडे आहात.

एकच तारा दिसतो म्हणून शहरातल्यांनी खट्टू होऊ नये. टी ऐन भरात आला तर तो अल्फेक्काच्या तोडीचा असेल. मुकुटाच्या जागी एकाऐवजी दोन तारे दिसले की समजायचं. उलट शहरात गर्दी नसल्यामुळे हा फरक चटकन कळतो.

चौथी पायरी: रोजची नजर, रोजची नोंद

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्याचं मोल लोकांना उशिरा कळतं. म्हणून १८६६ ची हकिगत सांगतो.

१२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमधले जॉन बर्मिंगहॅम मित्राच्या घरून परतत होते. मुकुटात त्यांना नवाच तारा दिसला. हे गृहस्थ जमीनदार आणि आकाशाचे नादी. मुकुट त्यांना पाठ होता, म्हणून दिसला. चारच दिवसांत विल्यम हगिन्स यांनी त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत केलेली फोड, पाहिला आणि त्यांना हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा सापडल्या. नवताऱ्याचा वर्णपट अभ्यासला गेला तो पहिल्यांदाच. ही गोष्ट सगळे सांगतात. पण मला त्यातला तिसरा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो: अथेन्सच्या वेधशाळेतले युलिउस श्मिट. त्याच संध्याकाळी, बर्मिंगहॅम यांच्या काही तासच आधी, ते आकाशाचा हाच भाग बघत होते, आणि पाचव्या प्रतीहून तेजस्वी असं काही जास्तीचं तिथे नव्हतं असं त्यांनी खात्रीने सांगितलं. टी किती झपाट्याने चढतो हे जगाला कळलं ते या ‘काही नव्हतं’मुळे.

म्हणून तुमच्या वहीतल्या ‘टी दिसला नाही’ या ओळीला किंमत आहे. फक्त ती नीट लिहायची. तारीख, वेळ, ठिकाण, आणि त्या क्षणी मुकुटातला सर्वांत मंद कोणता तारा दिसत होता तो. डेल्टापर्यंत दिसत होते आणि टी नव्हता, तर नोंद अशी: ‘४.६ पेक्षा मंद’. ढग असतील तर ‘ढग’ लिहा आणि झोपा. अंदाजाने भरलेली नोंद ही कोऱ्या पानापेक्षा वाईट.

वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिली तरी चालते, पण नोंद बाहेर पाठवायची तर जागतिक वेळ लागते, म्हणजे साडेपाच तास वजा. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांचे निरीक्षक जुलियन दिवसांकही (दिवसांची सलग मोजणी) वापरतात. तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे भारतातली एक अख्खी रात्र एकाच दिवसांकात बसते, मध्यरात्री तारीख पालटण्याची कटकट नाही. युरोपवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था आपल्याला फुकट मिळाली आहे.

रोज बघण्याचा कंटाळा येणारच. लेस्ली पेल्टिअर हा अमेरिकेतल्या ओहायोमधला नामांकित हौशी निरीक्षक. १९२० पासून पंचवीसहून जास्त वर्षं टीवर नजर ठेवून होता. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे गजर लावून उठला, सर्दी-तापाची चाहूल लागली म्हणून पुन्हा अंथरुणात शिरला, आणि नेमका तेव्हाच टी फुटला. सोव्हिएत रशियातल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याने मात्र तो पाहिला. पेल्टिअरची गोष्ट वाचून लोक हळहळतात. पण १९४६ आधीचा टीचा आलेख आज आपल्या हाती आहे तो त्याच्यासारख्यांच्या त्या पंचवीस वर्षांच्या कंटाळवाण्या नोंदींमुळे, आणि २०२४ चा अंदाजही त्याच आलेखावर बेतलेला होता.

पाचवी पायरी: प्रत ठरवायला शिकणं

टी उजळल्यावर शिकायला बसलात तर उशीर झालेला असेल. आत्ताच हात बसवून ठेवा.

पद्धत साधी आहे. ज्या ताऱ्याची प्रत हवी त्याच्याहून थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक, असे माहीत प्रतीचे दोन तारे निवडा. आपला तारा या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवा. उदाहरणार्थ टी हा अल्फेक्का (२.२) आणि बीटा (३.७) यांच्या मध्ये आहे. फरक दीड प्रतीचा. तो अल्फेक्काच्या जवळचा वाटतो, एक तृतीयांश खाली. मग २.२ अधिक ०.५, म्हणजे २.७. झाली नोंद. अल्फेक्का आणि बीटा यांच्यातली दरी मोठी आहे, म्हणून शेजारचे दोन तारेही जवळ ठेवा: भूतपातला इझार २.४ आणि शौरीतला बीटा २.८.

क्षितिजाजवळ सगळेच तारे मंद दिसतात, तेव्हा तुलनेचे तारे शक्यतो एकाच उंचीवरचे घ्या. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं तर तो डोळ्यात हळूहळू उजळत जातो. तारा तसाच असतो, फसतो डोळा. म्हणून एकेक सेकंदाची नजर टाकायची आणि काढायची. स्फोटात टी पांढराच असेल, पण ओसरताना राक्षसी ताऱ्याचा तांबूसपणा पुढे येईल, तेव्हा ही सवय कामाला येईल. आणि कालची नोंद न बघता आजची करा. काल २.७ लिहिलं हे आठवत असलं की आज २.९ दिसायला लागतो.

सरावासाठी दोन तारे सुचवतो. पहिला मीरा, तिमिंगल तारकासमूहात. हीसुद्धा राक्षसी तारा आणि श्वेत बटू यांचीच जोडी, पण इथे राक्षसी तारा स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतो आणि सुमारे ३३२ दिवसांत तिसऱ्या प्रतीपासून नवव्या प्रतीपर्यंत जाऊन परत येतो. डेव्हिड फॅब्रिशियस यांनी १५९६ मध्ये हे पहिल्यांदा टिपलं. हिवाळ्यात, आपलं आकाश सर्वांत स्वच्छ असताना, मीरा संध्याकाळी वर असते. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. दुसरा आर कोरोनी बोरिॲलिस, मुकुटाच्या वाटीतच बसलेला. त्याचा स्वभाव टीच्या बरोबर उलटा: एरवी सहाव्या प्रतीचा, बायनॉक्युलरमधून सहज दिसणारा, आणि अधूनमधून स्वतःच सोडलेल्या काजळीच्या ढगाआड गडप होणारा. टीकडे बघायला गेलातच आहात तर त्यालाही बघून घ्या.

सहावी पायरी: साधनं

१० × ५० चा, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर भिंगांचा, बायनॉक्युलर सर्वांत कामाचा. त्यात एका वेळी सहाएक अंश आकाश मावतं, म्हणजे जवळजवळ सगळा मुकुट. अगदी अंधाऱ्या जागी, कोपर भिंतीला टेकवून धरला तर टी काठावर जाणवू शकतो. शहरातून ती आशा सोडा.

शांत अवस्थेतला टी नीट बघायचा तर तीन-चार इंचांची दुर्बीण लागते. सोबत अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेचा नकाशा घ्या. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी ही संस्था १९११ पासून चालू आहे आणि तिच्या संकेतस्थळावर कोणत्याही ताऱ्याचा नकाशा फुकट तयार करून मिळतो. त्यावर ताऱ्यांशेजारी ९८, १०६ असे आकडे दिसतील: ते ९.८ आणि १०.६. दशांशाचा टिंब मुद्दाम गाळलेला असतो, नाहीतर तोच तारा वाटायचा. दुर्बिणीत चित्र उलटं दिसत असेल तर नकाशाही तसाच उलटा मागून घ्या.

शांत टी अगदीच निपचित नसतो. राक्षसी तारा जोडीदाराच्या ओढीने लांबट झालेला आहे, आणि फिरताना कधी त्याची रुंद बाजू आपल्याकडे येते, कधी निमुळती. त्यामुळे दर ११४ दिवसांनी, म्हणजे एका फेरीत दोनदा, तो थोडा उजळतो आणि थोडा मंदावतो. फरक काही दशांश प्रतीचा. एकट्याच्या डोळ्याला तो पकडणं कठीण, पण शेकडो जणांच्या नोंदी एकत्र केल्या की लाट स्वच्छ दिसते.

स्वतःची दुर्बीण घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे आणि त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम आहेत. अशा ठिकाणी एक रात्र काढली तर कोणतं साधन घ्यावं याचं उत्तर दुकानदारापेक्षा खरं मिळतं.

कॅमेरा असेल तर तिपाईवर ठेवून ५० मिलिमीटरच्या भिंगाने, आयएसओ १६००, पाच-सहा सेकंदांचा फोटो काढा. यापेक्षा जास्त वेळ ठेवला तर तारे रेघा होतात. साध्या मोबाइलचा रात्रीचा मोडसुद्धा मुकुटातले मुख्य तारे टिपतो. आजच एक फोटो काढून जपून ठेवा, ‘आधीचा’ म्हणून. पुढे ताडून बघायला तोच लागेल.

सातवी पायरी: जास्तीचा तारा दिसला तर

आधी खात्री करा. एक सोय अशी की उत्तर मुकुट ग्रहांच्या वाटेपासून खूप दूर आहे. गुरू-शुक्र-मंगळ तिथे कधीच फिरकत नाहीत. विमान आणि उपग्रह सरकतात, म्हणून पाच मिनिटं थांबा. जागा करंगळीने पुन्हा मोजा. फोटो असेल तर जुन्या फोटोशी ताडा.

मग लगेच वेळ लिहा, मिनिटापर्यंत. प्रत ठरवा. त्यानंतरच फोन उचला. टी अजून चढत असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी नोंद करत राहा, पहाट होईपर्यंत. १९४६ मध्येही चढ कुणाला पूर्ण मिळाला नाही. दोन्ही वेळा तो सापडला तोवर शिखराजवळ किंवा शिखर ओलांडून गेलेला होता. भारतात रात्र असताना अमेरिकेत दिवस असतो, तेव्हा त्या तासांचा चढ टिपायचा तर तो आपल्याच रेखांशांवरच्या लोकांनी.

एएव्हीएसओकडे नोंद पाठवायला निरीक्षक म्हणून सांकेतिक अक्षरं घ्यावी लागतात. ती आत्ताच घेऊन ठेवा, त्या रात्री संकेतस्थळावर झुंबड असेल. समाजमाध्यमांवर टाकायला हरकत नाही, पण त्यात वेळ आणि प्रत नसेल तर ती नोंद नव्हे, नुसता आनंद.

त्यानंतरचे महिने

पहिला आठवडा रोज बघायचं. टी सहा दिवसांत तीन प्रती उतरतो, म्हणजे शहरातल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बायनॉक्युलर उचलावा लागेल. तुलनेचे तारेही बदलत जातील: अल्फेक्का सोडून बीटा, मग एप्सिलॉन, डेल्टा, आयोटा, आणि त्याखाली नकाशावरचे बिननावाचे.

महिन्याभरात बातम्या थांबतील आणि बहुतेक लोक वही मिटतील. तेव्हा मिटू नका. गेल्या खेपेला शंभरेक दिवसांनी टी पुन्हा आठव्या प्रतीच्या आसपास चढला होता. हा दुसरा उंचवटा कशामुळे येतो यावर अजून वाद आहेत आणि १९४६ साली आजची साधनं कुणाकडेच नव्हती. आठवी प्रत म्हणजे बऱ्या आकाशात १० × ५० च्या आवाक्यातली गोष्ट. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत आठवड्यातून दोन नोंदी ठेवल्या तरी पुरे. मध्ये पावसाळा आला तर वहीत ‘ढग’ लिहीत राहा, आणि ऑक्टोबरची पहिली कोरडी संध्याकाळ चुकवू नका, कारण तेव्हा मुकुट मावळायला फार वेळ उरलेला नसतो.